देहातील संस्था आणि संस्थानातील एक वाद



छांदोग्य उपनिषदात एक भांडण आले आहे. वाणी, डोळा, कान, मन आणि प्राण यांच्यात श्रेष्ठ कोण, असा प्रश्न निघतो. निवाडा असा ठरतो की ज्याच्या निघून जाण्याने देहाची अवस्था सर्वांत वाईट होईल, तो श्रेष्ठ. मग एकेक जण वर्षभर बाहेर राहून परत येतो. वाणी गेली, देह मुक्याप्रमाणे जगला. डोळा गेला, आंधळ्याप्रमाणे जगला. कान गेला, बहिऱ्याप्रमाणे. मन गेले, तान्ह्या बालकाप्रमाणे. शेवटी प्राण निघू लागतो, तसे बाकीचे सारे मुळासकट उखडले जाऊ लागतात आणि हात जोडून त्याला राहण्याची विनंती करतात. हीच कथा बृहदारण्यकातही आहे. रोमन लोकांतही पोटावर रुसलेल्या हातापायांची अशीच एक गोष्ट सांगत. देहात प्रमुख कोण, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून छळत आलेला दिसतो. विशेष म्हणजे तोच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे ज्या राज्यात होते त्या निजामाच्या राजधानीत, पुन्हा एकदा अत्यंत गंभीरपणे विचारला गेला. त्याच्या उत्तरावर शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या माणसांचे जगणेमरणे अवलंबून होते.

त्या वादाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाकडे पाहणे उचित होईल. मराठी पाठ्यपुस्तकांनी देहातील कार्यव्यवस्थांना ‘संस्था’ हे नाव दिले: पचनसंस्था, श्वसनसंस्था, रुधिराभिसरण संस्था, मज्जासंस्था, उत्सर्जनसंस्था. ग्रंथालय हीही संस्था आणि निजामाचे राज्य हे संस्थान. शब्द चांगला आहे, पण त्यात एक धोका आहे. संस्था म्हटली की तिची स्वतंत्र इमारत, स्वतंत्र कार्यकारी मंडळ आणि स्वतंत्र हिशेब डोळ्यांसमोर येतो. शाळेतील विद्यार्थी परीक्षेसाठी एकेक संस्था पाठ करतो, आकृती काढतो, नावे देतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. हैदराबाद राज्याची १९५६ साली तीन राज्यांत वाटणी झाली, तशी काही देहाची वाटणी करता येत नाही. देहातील कोणतीही संस्था दुसरीच्या वाचून पाच मिनिटेही स्वतंत्रपणे नांदू शकत नाही.

उदाहरण दूरचे नको. बीदरच्या गांधी गंजात वैशाखाच्या दुपारी तुरीचे पोते पाठीवर घेणारा हमाल घ्यावा. पोते अजून जमिनीवरच असते. तो नुसता वाकतो, तोच त्याच्या हृदयाची गती वाढलेली असते. मेंदूने स्नायूंना आज्ञा देतानाच हृदयालाही सूचना दिलेली असते. पोते उचलले की मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू साखर जाळू लागतात. ही साखर सकाळी खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीची. भाकरीतील पिष्टाचे आतड्यात विघटन होऊन झालेली साखर प्रथम यकृतात जाते. यकृत हे गंजातील अडत्यासारखे आहे: आलेला माल लगेच बाजारात सोडत नाही, काही साठवून ठेवते आणि मागणी येईल तसा बाहेर काढते. माल साठवावा की सोडावा, हे स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन आणि त्याच्या उलट काम करणारे ग्लुकागॉन हे दोन स्राव ठरवतात.

जळणाबरोबर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो रक्तात मिसळून मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेपर्यंत पोचतो आणि तेथील श्वसनकेंद्र जागे होते. श्वास खोल आणि जलद होतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धाप लागते ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्याने. श्वास कोंडून धरणाऱ्याला जी असह्य तगमग होते, तीही त्यामुळेच. २०२० आणि २०२१ च्या महासाथीत कित्येक रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू चिंताजनक पातळीपर्यंत उतरला असतानाही ते शांतपणे बोलत बसलेले दिसत. याचे एक महत्त्वाचे कारण असे की फुप्फुसे प्राणवायू आत घेण्यात अपुरी पडत होती, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचे काम अजून चालू होते. धोक्याची घंटा ज्या दोरीला बांधलेली, ती दोरीच ओढली जात नव्हती.

विश्रांतीत हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. कष्टाच्या कामात हे प्रमाण तिप्पट-चौपट होऊ शकते. तरीही रक्त सर्वांना पुरेसे नसतेच. म्हणून वाटप बदलावे लागते. स्नायूंच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतड्यांच्या आकुंचतात. भरल्या पोटी ओझे उचलू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात ते याच कारणाने योग्य आहे. मेंदूचा वाटा मात्र कोणी कमी करत नाही. देहाच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतील प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो. रक्तप्रवाह थांबला तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी होऊ लागते.

वैशाखात त्वचाही रक्त मागते, कारण आतील उष्णता बाहेर टाकायची तर रक्त पृष्ठभागाशी आले पाहिजे. घाम येतो, पाणी आणि मीठ जाते. पाणी कमी झाल्याची वर्दी मेंदूला मिळताच पोष ग्रंथीतून एक स्राव सुटतो आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जेमतेम दीड लिटर बाहेर सोडून उरलेला परत घेतात. या दिवसांत तो दीडही कमी होतो. हमाल पाणी प्यायला नाही, तर स्नायू आणि त्वचा या दोघांची मागणी पुरवण्याइतके रक्त उरत नाही. मग घाम आटतो, अंग तापते, बोलणे असंबद्ध होते. उष्माघात हा एका अवयवाचा आजार नव्हेच. तो वाटपाचा पराभव आहे.

बीदरलगत नौबादला बहमनी काळातील भुयारी जलवाहिनी आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. कोळारकडून येणाऱ्यांना ती परिचित असेल. भुयारातून पाणी वाहते आणि ठरावीक अंतरावर उभी विवरे वर उघडतात. त्यांतून हवा, उजेड आणि दुरुस्तीला उतरणारा माणूस आत जातो. पाण्याची आणि हवेची अशी सांगड पाहिली की रक्तवाहिन्यांची आठवण होणे साहजिक आहे. पण भुयारातील पाणी उतारावरून एकदाच पुढे जाते. रक्त परत येते. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली हे परत येणे सिद्ध केले, तेव्हाच देहातील संस्थांच्या परस्परसंबंधाचा खरा अभ्यास सुरू झाला. जे रक्त फुप्फुसातून गेले तेच मूत्रपिंडातून जाणार आणि तेच मेंदूतून, हे एकदा कळले म्हणजे एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी कसा पोचतो, याचा मार्ग दिसू लागतो.

आता हैदराबादचा वाद. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग दाखवून दिला. शस्त्रक्रियेतील यातना संपल्या म्हणून जगाने आनंद केला. पण तीन महिनेही लोटले नव्हते तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. शस्त्रक्रिया क्षुल्लक, मुलगी तरुण, आणि मृत्यू काही मिनिटांत. पुढे असे मृत्यू होत राहिले. ते कशाने होतात, यावर ब्रिटनमधील वैद्यक दुभंगले. लंडनच्या जॉन स्नो यांचा कल हृदयाकडे होता: क्लोरोफॉर्मची वाफ तीव्र असली तर हृदयच बंद पडते. एडिंबरोचा संप्रदाय म्हणे, आधी श्वास थांबतो. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको.

एडिंबरोत जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकलेले एडवर्ड लॉरी १८८५ साली हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि तेथील वैद्यकीय शाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. ही शाळा १८४६ सालची. तेथे उर्दूतून वैद्यक शिकवत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही त्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून वैद्यकाचे वर्ग चालले होते. देशी भाषांतून देहाचे ज्ञान देता येते की नाही, हा आजचा वाद तेव्हाच्या लोकांनी कृतीने सोडवला होता, एवढे येथे नमूद केले तरी पुरे.

लॉरी हे गुरूच्या मताचे कट्टर अनुयायी. त्यांनी हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिले होते आणि श्वासावर नजर ठेवली की भय नाही, अशी त्यांची खात्री होती. ती प्रयोगाने सिद्ध करावी म्हणून निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली. तेव्हा निजामाने १,००० पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला प्रतिनिधी पाठवावा असे सुचवले. १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत दाखल झाले. येताना त्यांचे मत हृदयाच्या बाजूचे होते. दुसऱ्या कमिशनमध्ये लॉरी, ब्रंटन, जेराल्ड बॉमफर्ड आणि डॉक्टर रुस्तमजी ही मंडळी होती. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांत कुत्रे होते, तशी माकडेही होती. रक्तदाब मोजण्याची यंत्रे लावली होती. अखेर ब्रंटन यांनीही पूर्वीचे मत सोडले आणि हैदराबादचा निष्कर्ष मान्य केला.

येथे थोडे थांबून दोन गोष्टींची दखल घेतली पाहिजे. एक, त्या काळी एखाद्या देशी संस्थानिकाच्या पैशाने आणि त्याच्या राजधानीत जागतिक वैद्यकाचा प्रश्न हाती घेतला जातो आणि लंडनला त्याची दखल घ्यावी लागते, ही घटना लहान नव्हे. दुसरी, त्याच शाळेत लॉरींनी मुलींना प्रवेश दिला. त्यांतील रूपाबाई फर्दुनजी या पारशी विद्यार्थिनीने भूल देण्याच्या कामात नैपुण्य मिळवले आणि पुढे १९०९ साली त्या अधिक अभ्यासासाठी एडिंबरोला गेल्या. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. बीदर आणि कलबुर्गीच्या शाळांतील मुलींना हे नाव ठाऊक असायला हवे.

म्हणजे छांदोग्याचा निकाल आणि हैदराबादचा निकाल एकच: प्राण श्रेष्ठ. दुर्दैवाने सत्य इतके सुटसुटीत नव्हते. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडून असा प्रयोग केला की क्लोरोफॉर्म एकदा केवळ मेंदूकडे जावे आणि एकदा मेंदू सोडून उरलेल्या देहाकडे. रक्तदाब उतरतो तो क्लोरोफॉर्म हृदयावर प्रत्यक्ष काम करते म्हणून, असे त्यांना आढळले. वाद मिटला नाही. तो मिटवण्याची दिशा १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवली. त्यांना दिसले की मांजराला हलकी भूल असताना ॲड्रिनलिन दिले, तर हृदयाचे खालचे कप्पे लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात आणि प्राणी तत्क्षणी मरतो. खोल भुलीत हे सहसा होत नाही.

ॲड्रिनलिन हा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींचा स्राव. भीतीने तो उसळतो. आता जुन्या मृत्यूंचे कोडे पुष्कळसे उलगडते. पुष्कळ मृत्यू शस्त्रक्रियेच्या आरंभी, लहानसहान शस्त्रक्रियेत, भेदरलेल्या रुग्णांचे का होत? कारण भूल अजून हलकी असे आणि भीती पुरेपूर असे. खोल भुलीत श्वसनकेंद्र मंदावून आधी श्वास थांबे, हेही खरे. तेथे लॉरी बरोबर होते. त्यांची चूक एवढीच की त्यांनी अर्धे सत्य पूर्ण मानले आणि नाडी पाहण्याची गरज नाही असे सांगितले. प्रयोगाच्या टेबलावर बांधलेला कुत्रा खोल भुलीत गेला की तो मेंदू आणि फुप्फुसांची गोष्ट सांगतो. घाबरलेली पंधरा वर्षांची मुलगी अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था आणि हृदय या तिघांची मिळून गोष्ट सांगते. आज क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून गेले आहे. भूलतज्ज्ञ श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड हे सारे एकाच वेळी पाहतो. कोणा एकाला प्रमुख मानत नाही.

ॲड्रिनलिनचा हा धागा मराठवाड्यातून कोकणात नेणारा एक मराठी अध्याय आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे मुले आणि मोठी माणसेही दगावत. विंचू चावला म्हणजे वेदना, एवढेच पुस्तकात ठळक असे. बावस्करांनी रुग्णाशेजारी रात्री काढून पाहिले की वेदनेने माणूस मरत नाही. प्रथम घाम दरदरून सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. मग हृदय थकते आणि अखेर फुप्फुसात पाणी भरून रुग्ण गुदमरतो. १९८२ साली ही निरीक्षणे त्याच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

याची उकल अशी. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते. त्यांतून ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये पुरासारखी सुटतात. या द्रव्यांनी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय हरते, रक्त मागे फुप्फुसात तुंबते. दंश पायाला, विष मज्जासंस्थेत, ताण रक्तवाहिन्यांवर, पराभव हृदयाचा आणि मृत्यू श्वास कोंडून. फुप्फुसात पाणी दिसले म्हणून केवळ फुप्फुसाचा उपचार करणाऱ्याच्या हाती काय लागणार? बावस्करांनी साखळीतील मधला दुवा धरला. रक्तवाहिन्यांची आवळण सोडवणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त, तोंडाने घेण्याचे औषध त्यांनी वापरले. त्यांच्या नोंदींप्रमाणे शंभरात चाळीसपर्यंत असणारे मृत्यू एकापर्यंत उतरले. पुढे २०११ साली प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हेही त्यांनी चाचणीने दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याहून मोठे मोल असे की हे संशोधन कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत झाले नाही. खेड्यातील केंद्रात, एका डॉक्टरच्या डोळ्यांनी आणि वहीने ते झाले.

शेतात राबणाऱ्या कुटुंबांसाठी सापाचे प्रकरण याहून निकटचे आहे. घोणस चावली तर रक्त गोठण्याची शक्ती जाते आणि पुढे मूत्रपिंडे बंद पडू शकतात. अशा रुग्णाची लघवी किती होते, हे मोजणे दंशाच्या जखमेकडे पाहण्याइतकेच महत्त्वाचे. मण्यार मात्र रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना फारशी नसते, खूणही कधी दिसत नाही. पहाटे रुग्णाच्या पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. विषाने मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा झालेला असतो. सर्वांत शेवटी श्वासपटल थांबते. हृदय या वेळी ठणठणीत असते, मूत्रपिंडे उत्तम असतात. विष जिथे रुतले तिथून प्रतिलस ते सहज काढू शकत नाही, पण मज्जातंतूंची टोके कालांतराने आपोआप भरून येतात. तोवर बाहेरून श्वास देत राहावा लागतो. कधी काही तास, कधी काही दिवस. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला एक तास येथे महाग पडतो, आणि म्हणूनच यंत्र नसलेल्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयापर्यंत नेताना वाहनात रबरी फुगा दाबत बसणाऱ्या माणसाच्या हाताला अतोनात महत्त्व आहे. डोळे मिटलेला, हालचाल नसलेला रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीत असतो. भोवतालचे बोलणे त्याला ऐकू येत असते. त्याच्याजवळ ‘आता संपले’ असे कोणी म्हणू नये. फुगा मात्र क्षणभरही थांबता कामा नये.